बाबांना मोठा स्ट्रोक, आज बारावा दिवस, यातून कोणी गेलंय का? (नागपूर)

पळसफूल | १८ मे, रात्री १:५०

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून टाइप करून राहिली आहे, त्यामुळे सलग नसेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा, वय ६६, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. ७ मेला सकाळी सहा वाजता आईला ते बाथरूमच्या दारात पडलेले दिसले, तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. आदल्या रात्री साडेदहाला कूलरमध्ये पाणी भरून झोपले तेव्हा एकदम ठीक होते. मानेवाड्याला घर आहे, जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं, तिथे बीपी खूप वाढलं म्हणून जिभेखाली गोळी दिली आणि झोपवून ठेवलं, पाऊण तास तिथेच गेला, मग धंतोलीतल्या या हॉस्पिटलमध्ये आणलं. सीटीमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी नस बंद आणि बराच भाग आधीच गेलेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागते म्हणे, आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून, म्हणजे आमच्या बाबतीत रात्री साडेदहापासून. म्हणजे आईला ते दिसले तेव्हाच वेळ संपलेली होती. मी बाजूच्या खोलीत झोपले होते. कूलरच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री मेंदूची सूज वाढली. डॉक्टर म्हणाले कवटीचा तुकडा काढून जागा करून द्यावी लागेल, नाहीतर सूज खाली दाबेल आणि जीव जाईल. भाऊ पुण्याहून निघालेला, रस्त्यात होता, आईचा हात थरथरत होता, सही मी केली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की वाचतील पण कसे वाचतील ते आत्ता सांगता येत नाही. मला त्यातलं फक्त "वाचतील" ऐकू आलं.

आता कवटीचं ते काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलं आहे, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी, नाकात खाणं द्यायची नळी (राईल्स ट्यूब). डोळे उघडतात, डावा हात हलवतात, पण आपण बोललेलं काही समजत असेल असं वाटत नाही. फोन करणारा प्रत्येक जण विचारते, ओळखतात का? मी हो म्हणून सांगते. खरं सांगू तर मला माहीत नाही. सही करून मी बाबांना वाचवलं की त्यांना या हालात आणून सोडलं हेच डोक्यात फिरून राहिलं आहे. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडतात, त्या दहा मिनिटांत काय करायचं तेपण कळत नाही, नुसती उभी राहते.

कोणी यातून गेलं असेल तर लिहा. गोड गोड नका लिहू प्लीज.

संत्राबर्फी | १८ मे, रात्री २:२५

ताई मी जागाच आहे. माझ्या आईला २०२१ मध्ये झाला होता, तिचा रक्तस्रावाचा, तुमच्या बाबांचा गुठळीचा, म्हणजे केस वेगळी आहे पण तो बाक मला पाठ आहे. एकच गोष्ट सांगतो जी आम्हाला महाग पडली. कोणालाही तोंडातून काही देऊ देऊ नका. कोणालाही म्हणजे कोणालाही. आईला जनरल वॉर्डात आणल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या, मायेनेच आल्या होत्या बिचाऱ्या, मी खाली मेडिकलमध्ये गेलो तेवढ्या पाच मिनिटांत त्यांनी चमच्याने नारळपाणी पाजलं. गिळायचे स्नायूच काम करत नव्हते, पाणी गेलं फुफ्फुसात, निमोनिया होऊन परत आयसीयूत अकरा दिवस. गिळण्याची टेस्ट होईपर्यंत अंगारा घातलेलं पाणी नाही, तीर्थ नाही, काही नाही. मी नंतर पलंगावर कागद चिकटवला होता मोठ्या अक्षरात.

आणि जेवा तुम्ही. खरंच जेवा. बाहेर रात्रभर पोहे-चहाची गाडी असते, गार्डला विचारा.

रात्रपाळी | १८ मे, पहाटे ४:१०

मी सरकारी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर आहे, न्यूरो वॉर्डला ड्युटी लागलेली आहे. तुमची फाइल पाहिलेली नाही त्यामुळे जनरलच बोलतो.

सहीबद्दल. साठीच्या वरच्या पेशंटमध्ये हे ऑपरेशन जीव वाचवते हे पक्कं आहे, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे मोठी मदत लागते हेही तेवढंच पक्कं आहे. तुम्हाला गोड नको होतं म्हणून सरळ लिहिलं. पण ताई मी सह्या घेणारा माणूस आहे, सही केलेले नातेवाईक पाहतो तसे न केलेलेही पाहतो, आणि न केलेले तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारतात की करायला पाहिजे होती का. त्या रात्री तुमच्यासमोर चांगला रस्ता नव्हताच, दोन वाईट होते. एकावर बाबा होते, एकावर नव्हते.

ओळखण्याबद्दल. डाव्या मेंदूच्या एवढ्या मोठ्या स्ट्रोकमध्ये भाषा जाते, बोलणं आणि समजणं दोन्ही, त्याला अफेजिया म्हणतात. भाषा गेली म्हणजे माणसांची ओळख गेली असं नसते. "बाबा मी कोण?" याचं उत्तर न येणं याचा अर्थ एवढाच की प्रश्न पोचला नाही किंवा उत्तर निघालं नाही. शिवाय या दिवसांत रक्तातलं सोडियम कमी झालं, ताप आला, फिट्स आल्या, तरी पेशंट झोपाळू होते. दोन दिवस चांगले जाऊन तिसऱ्या दिवशी एकदम सुस्त दिसले तर हे सगळं तपासलं का असं डॉक्टरांना नक्की विचारा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक झालं तरी जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच सरळ जा. घरी किंवा छोट्या दवाखान्यात बीपीची गोळी जिभेखाली नका देऊ. बीपी एकदम पाडलं तर मेंदूला जे थोडंफार रक्त मिळून राहिलेलं असते तेही कमी होते.

फिजिओ_ताई | १८ मे, सकाळी ७:३०

पळसफूल, ती दहा मिनिटं मला द्या. बाबांच्या डाव्या बाजूला उभ्या राहा, कारण अशा स्ट्रोकमध्ये उजवीकडचं दिसत नसण्याची शक्यता असते. एकाच माणसाने बोलायचं, छोटं वाक्य, मग थांबायचं, दहा सेकंद तरी. परीक्षा घ्यायची नाही, ओळखा पाहू मी कोण हे बंदच करा. डाव्या हातात हात द्या आणि घरचं साधं काहीही सांगा. उजवा हात उशीवर टेकलेला आहे का पाहा, लोंबकळत असेल तर सिस्टरला सांगा. आणि पेशंटला वर सरकवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू देऊ नका, खांदा निखळतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. मी हे इतके वेळा पाहिलं आहे की आता राग येतो.

आता सगळे नातेवाईक कबुतराचं रक्त, कोण्या गावचं तेल, हे सांगायला लागतील. तेलाने हलकी मालिश केली तर नुकसान नाही, पण लकवा मालिशने जात नाही. हालचाल परत येते ती करून करून येते, मेंदूचे वाचलेले भाग काम शिकतात म्हणून. जास्तीत जास्त फरक पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, पुढे वेग कमी होतो पण दार बंद होत नाही.

पळसफूल | १९ मे, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार, आत्ता घरी आले आहे, आज भाऊ थांबला. फिजिओ ताई तुम्ही म्हटलं तसं डावीकडे उभी राहिले. काय बोलू सुचेना म्हणून कूलरची मोटर बिघडली, ताट्या बदलल्या, असलंच सांगत बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरला. सिस्टर म्हणाली ते कोणाचाही हात धरतात, रिफ्लेक्स असते. असेल. मी तो सोडवून घेतला नाही एवढंच.

भावाशी भांडण झालं आज. तो बारा दिवसांतला सातवा दिवस इथे आहे आणि बुधवारी परत जातो म्हणतो. येऊन सगळे रिपोर्ट चाळतो, इंटरनेटवर वाचलेलं डॉक्टरांना विचारतो, आणि मला म्हणतो तू हे विचारलं नाही का. मी त्याला फार बोलले. आई ऐकत होती.

सातासमुद्रापार | २० मे, पहाटे ३:४०

ताई, मी तो भाऊ आहे. म्हणजे तुमचा नाही, पण मी न्यू जर्सीत आणि माझी बहीण प्रतापनगरला, आणि आमच्या आईला झाला तेव्हा मीपण फोनवर रिपोर्ट मागायचो कारण रिपोर्ट वाचणं एवढी एकच गोष्ट मला तिथून जमत होती. बहिणीने एक दिवस फोन ठेवून दिला. महिनाभर बोलली नाही.

मग मी तिला विचारलं की तुझ्या डोक्यातून कायमचं काय काढून घेऊ, तर तिने तीन कामं दिली: मेडिक्लेमचे सगळे कागद, औषधं आणि डायपर संपायच्या आधी ऑर्डर करणं, आणि आयाबाई आली नाही तर ब्युरोला फोन करून दुसरी बोलावणं. रात्रपाळीची आया आली नाही की माझ्याकडे दुपार असायची, मी फोन करत बसायचो आणि बहीण झोपायची. तुमच्या भावाला पुण्यातून हे सगळं जमेल. त्याला "मदत कर" नका म्हणू, कामाचं नाव घेऊन सोपवा आणि परत विचारू नका.

जुना_बर्डीकर | २० मे, सकाळी ९:०५

माझ्या सौभाग्यवतींना सहा वर्षांपूर्वी झाला. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून जे मला ठाऊक आहे तेच सांगतो, कारण या गोष्टी या दिवसांत कोणी सांगत नाही आणि नंतर फार त्रास होतो.

बाबांची पेन्शन ज्या खात्यात येते ते त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर आजच शाखा व्यवस्थापकांना भेटा. आजारी पेन्शनरला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, अंगठाही शक्य नसेल तर पायाचा अंगठासुद्धा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अधिकारी घरी किंवा इस्पितळात येऊ शकतो. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर वाद घालू नका, लेखी अर्ज द्या. एसटीची असेल तर ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन असेल, त्याचा हयातीचा दाखला नोव्हेंबरलाच द्यावा लागतो असं नाही, वर्षात केव्हाही देता येतो आणि तिथून एक वर्ष चालतो. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

खर्चाचं कळलं नाही, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारलंत का? रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

आणखी एक. माझी बायको पहिले चार महिने दिवसातून कितीदा तरी रडायची. मला वाटायचं मी काही चुकलो. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या इजेमुळे रडणं-हसणं आवरता येत नाही असंही होतं, आणि स्ट्रोकनंतर खरं नैराश्यही पुष्कळांना येतं, त्यावर औषध असतं. ते विचारायला मी चार महिने लावले. तुम्ही लावू नका.

वैनगंगा | २० मे, दुपारी ४:३०

लिहू की नको विचार करत होते. माझे सासरे चौदा महिने अंथरुणावर होते आणि गेले. भंडाऱ्याहून नागपूरला आणलेलं, मग तीन महिन्यांनी परत घरी. ते बरे झाले नाहीत. तू गोड नको म्हणालीस म्हणून लिहिते, असंही होतं.

घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा, कारण बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) एकदा झाला की तो लवकर भरत नाही. हवेची गादी घ्या पण लाइट गेली की तिची हवा उतरते, इन्व्हर्टरवर जोडून ठेवा, नवतपाचे कडक उन्हाचे दिवस तोंडावर आहेत. नळीतून खाणं देताना डोक्याकडची बाजू उचललेली पाहिजे आणि नंतर तासभर तशीच ठेवायची. हे सगळं मी शिकले. पण एक रात्र आहे जी मी कोणाला सांगितली नाही. त्यांनी तिसऱ्यांदा नाकातली नळी उपसून काढली, पहाटेचे तीन वाजले होते, आणि मी त्यांच्यावर ओरडले, फार घाण ओरडले, तुम्ही मुद्दाम करता म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी पातळ कापडाचा हातमोजा शिवला त्यांच्या डाव्या हातासाठी, बोटं पकडणार नाहीत असा, आणि शिवताना रडत होते.

तुझ्यावरही अशी रात्र येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तोंड पुसून द्यायचं त्यांचं, रोजच्यासारखं.

पळसफूल | २० मे, रात्री १०:५०

वैनगंगा ताई, हे तुम्ही लिहिलं याचं मला किती बरं वाटलं कसं सांगू. काल आत्या म्हणाली सगळं आधीसारखं होईल बघ, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. भावाला आया ब्युरो आणि मेडिक्लेम दिलं. त्याने लगेच वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला ताई मला बाबांकडे बघवत नाही म्हणून मी रिपोर्ट बघतो.

पळसफूल | १६ जून, रात्री ९:२०

अपडेट देते. बाबांना १२ तारखेला घरी आणलं. गळ्याची नळी निघाली, नाकातली आहे. उजव्या बाजूला काहीच हालचाल नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला हाड नाही तिथे खोलगट दिसते, आई तिकडे पाहत नाही. हॉस्पिटलची स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येते. तिने विचारलं की बाबांनी आयुष्यात हजारो वेळा म्हटलेली अशी एखादी गोष्ट आहे का, आरती, पाढे, काहीही, कारण बोलायला येत नसलं तरी पाठ झालेलं किंवा गाण्याच्या चालीतलं कधीकधी बाहेर येते. आरती करून पाहिली, नाही. पाढे नाही. बाबांना आरत्या येतच नव्हत्या तशा.

मग परवा रात्री मला सुचलं. बाबा किती वर्षं नागपूर-अमरावती करत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि ते स्टॉप ओरडायचे तसं ओरडले, वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती. तीनदा म्हटलं. काही नाही. चौथ्यांदा "वाडी" म्हणून थांबले, तर त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या रेलिंगवर टकटक केलं. दोनदा. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. आई स्वयंपाकघरातून आली, तिलापण ऐकू आलं होतं.

रिफ्लेक्स आहे का हे मी विचारणार नाही कोणाला.

फिजिओ_ताई | १६ जून, रात्री ९:४५

विचारू नका. रोज करा, पण दमवू नका, पाच मिनिटं. टीव्ही बंद ठेवून.

जुना_बर्डीकर | १७ जून, सकाळी ६:५०

मी या गाडीने खूपदा गेलो आहे अमरावतीला. कदाचित तुमच्या वडिलांनीच तिकीट दिलं असेल.

पळसफूल | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

तीन महिने झाले. खूप जणांनी मेसेजमध्ये विचारलं म्हणून लिहिते.

बाबा आता एक शब्द बोलतात. "वाडी". भूक लागली तर वाडी, दुखलं तर वाडी, आईला हाक मारायची तर वाडी, नको तरी वाडी. थेरपिस्ट म्हणते असं होते, एकच शब्द अडकून बसतो आणि सगळ्याला तोच निघतो, पुढे सुटेलच असं नाही. पण सूर वेगवेगळा असतो. नको चा वाडी खाली दाबून असतो, हाकेचा लांब. आईला सगळे कळतात, मला निम्मे. कोंढाळीपर्यंत दोनदा गेले, पुढे नाही. मला नावाने हाक मारत नाहीत. मऊ भात-वरण चमच्याने जाते आता, टेस्ट करून परवानगी मिळाल्यावर, नाकातली नळी निघाली. आधाराने पलंगाच्या कडेला बसतात सात-आठ मिनिटं. उभं राहणं नाही.

सहीचा प्रश्न गेला नाही. काही दिवस वाटते बरं केलं, आणि काही रात्री, लघवीने ओलं झालं की ते तोंड भिंतीकडे फिरवतात ना, तेव्हा वाटते त्यांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते. त्यांनी कधी सांगितलंच नाही, आम्ही कधी विचारलं नाही. आईला मी गेल्या आठवड्यात विचारलं, तिच्यासाठी. तिने आधी रागावून पाहिलं आणि मग दोन तास बोलली. भावाला फोनवर घेतलं होतं.

हाड परत बसवायचं ऑपरेशन या महिन्यात ठरतंय. या वेळी सही भाऊ करणार आहे, तोच म्हणाला. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालं त्यांनी सांगा, नंतर किती दिवस झोपाळू होते, आणि फिट्सचं औषध किती दिवस चाललं.

रात्रपाळी | ११ ऑगस्ट, रात्री १२:३०

फिट्सचं औषध मनाने बंद करू नका, बाकी तुमचे सर्जन सांगतील. ऑपरेशननंतर आठवडाभर ताप, जखमेतून पाणी, जास्त झोप यावर लक्ष ठेवा, काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि वाडी वाचून वॉर्डातल्या सिस्टरला दाखवलं, ती म्हणाली आमच्या सतरा नंबरच्या आजी सगळ्याला "चहा" म्हणतात.

वैनगंगा | ११ ऑगस्ट, सकाळी ११:००

पळस, बसायला लागले म्हणजे चाकाची खुर्ची लागेल. सासऱ्यांची आहे आमच्याकडे, चांगली आहे, हाताचा टेका निघतो त्यामुळे पलंगावरून बाजूने सरकवता येतं. विकायला मन होत नव्हतं. शनिवारी नागपूरला येते आहे, गाडीत टाकून आणते, चार वाजता मानेवाडा चौकात ये, भावाला किंवा कोणाला तरी सोबत आण, जड आहे. डाव्या चाकाचा ब्रेक जरा सैल आहे, आधी तो कसून घे मग त्यांना बसव.

पळसफूल | ११ ऑगस्ट, सकाळी ११:२०

येते ताई. पाना घेऊनच येते.